कुलपाची ओंजळ

तात्या, तुझ्या तेरवीचं आवतन मी तुलाच देऊन आलो. दुसऱ्या कुणाकडून ऐकशील आणि वर्षभर मला गिरणीच्या दारात उभं राहू देणार नाहीस, म्हणून आधी मीच कबूल करून टाकतो.

घडलं ते असं. बाराव्या दिवशी सकाळी दिगू माझ्यापुढं अक्षतांची वाटी घेऊन उभा राहिला. लेक तुझा, पण पंधरा वर्षं पुण्याकडं कंपनीत. गावातली निम्मी दारं त्याला अनोळखी. म्हणाला, "काका, आवतन तुम्हीच द्या. मी गेलो तर एखादं घर सुटायचं, नाहीतर एकाच घरी दोनदा जायचो." मी मोठ्या तोऱ्यात वाटी घेतली. सत्तावीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस, मला त्यात काय अवघड! निघालो दारोदार. "उद्या तात्याचं हाय. चूलबंद बरं का." बायका पदर डोक्यावर घेऊन मान हलवायच्या, मी चौकटीवर चार अक्षता टाकायचो आणि पुढच्या दाराला. असं करत पाराच्या खाली उतरलो. तिथं तुझी गिरणी. दार अर्धं उघडं. लहानपणापासून तिथून जाताना आत डोकावल्याशिवाय माझा पाय पुढं पडलेला नाही. डोकावलो, आणि तोंडातून निघून गेलं, "तात्या, उद्या चूलबंद हाय. येळंवर ये, शेवटच्या पंगतीला नको!"

उत्तर यायला नेहमीपेक्षा उशीर झाला, तेव्हा कळलं.

वहिनी आत फरशीवरचं पीठ झाडत होत्या. त्या हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. "सांगते त्यास्नी," म्हणाल्या, "दळण झालं का येतील." आणि परत झाडायला लागल्या. बारा दिवस बंद असलेल्या गिरणीत झाडायला पीठ कुठून आलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी राहतो त्या उदगीरला शेजाऱ्यांना चूलबंद म्हणजे काय ते फोड करून सांगावं लागतं. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. लहानथोर, आलागेला पाहुणा, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, सगळ्यांचं जेवण तिकडंच. आता घरोघरी गॅस आला तरी शब्द तोच राहिला. आणि आवतन घेऊनही कुणाच्या घरातून धूर निघाला, तर तो जेवण घालणाऱ्याचा अपमान. शेजारी म्हणतात, म्हणजे गावजेवण. मी हो म्हणतो. पण गावजेवण कार्डावर छापता येतं. चूलबंद सांगायला दारात माणूस जावा लागतो, आणि आपल्या गावात तो माणूस चाळीस वर्षं तू होतास.

तूच का, हे लहानपणी मला कळत नव्हतं. तू काही पाटील नाहीस, सरपंच नाहीस, तुझी जमीन दीड एकर, तीही खडकाळ. पुढं कधीतरी लक्षात आलं. गावात कोण आहे आणि कोण नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तू माणसं दळणावरून मोजायचास. डबा काट्यावर ठेवायच्या आधी नुसता उचलूनच तू बातमी सांगायचास. "कोंडाबाईचं दळण दोन बाजारापासून निम्मं झालंय. नातू शहराकडं गेला वाटतं." "धाकट्या पाटलाकडं एकदम गहू आला. सून बाळंतपणाहून परतली." घरातल्या माणसांना जे उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नसायचं, ते त्यांच्याच डब्यातून तुझ्याकडं यायचं. आणि तू ते हसण्यावारी नेऊन तिथंच दाबून टाकायचास, हा तुझा मोठेपणा.

मग डबेच कमी झाले. ज्वारी पेरणं सुटलं, कारण काढायला माणूस मिळेना. जिकडंतिकडं सोयाबीन. सोयाबीन काही कुणी दळून खात नाही. "ह्या पिकानं माझ्या गिरणीचं तोंड बांधलं," असं तू येईल त्याला सांगायचास, आणि स्वतःच्या दीड एकरात तेच पेरायचास. मी विचारलं तर म्हणालास, "मग काय करू? एकट्यानं ज्वारी पेरून पाखरं राखत बसू?"

माझा डबा मात्र चुकला नाही. त्याच दीड एकरात तू माझ्यासाठी ज्वारीचे चार तास, चार ओळी, ठेवायचास. दर महिन्याला दळून, डब्यावर लाल रंगानं 'बापू उदगीर' लिहिलेलं, एसटीच्या कंडक्टरच्या हवाली. घरी सुमन म्हणायची, "बाजारात पीठ मिळत नाही का? स्टँडवर जाऊन हमाली कशाला करता?" मी म्हणायचो, चव असते. खरं सांगू का, तात्या, चव मला कळत नव्हती. डबा आला की मी अजून कुणाच्या तरी हिशेबात आहे एवढं कळायचं.

आता आपल्या त्या भांडणाकडं येतो. चार वर्षांपूर्वी सरकारी पाहणीचं काम मला आपल्याच गावात मिळालं. घरोघर जायचं आणि रकाने भरायचे. तू गिरणी बंद करून माझ्याबरोबर निघालास. मला वाटलं, मदतीला आलास.

पहिलंच दार बालाजी सुताराचं. मी विचारलं, "इथं कोण राहतं?"

"बालाजी."

"बालाजी राहतो पुण्यात. दुकानांना फर्निचर करतो."

"राहतो पुण्यात. हाय इथला."

"तात्या, रकाना 'राहतो'चा आहे. 'हाय'चा नाही."

"मग रकानाच चुकला," तू म्हणालास.

पुढं खंडू न्हाव्याचं. त्यानं जळकोटात खुर्ची टाकली. त्याच्या पलीकडं कुंभाराचं. दोन्ही पोरं हैदराबादला बांधकामावर. "आजा मडकी घडवायचा, नातू मजले चढवून राहिले," तू म्हणालास, "माती न्हाई सोडली त्यांनी." मी ऐकून घेत होतो आणि प्रत्येक ठिकाणी लिहीत होतो: बंद घर. चौथ्या की पाचव्या दाराशी तू माझं मनगटच धरलंस.

"बंद कशावरून?"

"कुलूप दिसत नाही का?"

"कुलूप हाय म्हणून तर इचारलो. ज्याला परत यायचंच न्हाई, त्यो कुलूप कामून लावंल? उघडं टाकून जाईल की."

याला माझ्याकडं रकाना नव्हता.

असं करत आपल्या आळीत आलो. माझंच दार. आई गेल्यापासून लागलेलं कुलूप, त्याच्यावर गंजाची पुटं. तू नुसता माझ्या हाताकडं बघत उभा राहिलास. मी लिहिलं: बंद घर. अक्षराची मला घमेंड आहे, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार माझ्याच हातचा असतो. पण त्या दिवशीच्या सगळ्या यादीत ते दोन शब्द जरा जास्तच सुबक आले होते.

परत गिरणीपर्यंत तू पुढं पुढं चालत राहिलास. पोचल्यावर पोत्यावर बसलास आणि म्हणालास, "मास्तर." बापू म्हणणारा माणूस मास्तर म्हणाला की समजायचं, बिनसलं. "मास्तर, एक सांग. तुझी चूल धरू का सोडू?"

"म्हणजे?"

"आवतन देताना. धरू का सोडू?"

"बघू," मी म्हणालो.

शाळेतली पोरं फार हुशार असतात. सहलीचं विचारल्यावर सर 'बघू' म्हणाले की ती डबे घरी ठेवूनच येतात. तू मात्र पोरांपेक्षा भोळा निघालास. त्यानंतरच्या प्रत्येक जेवणाच्या आदल्या दिवशी तुझा फोन. "बापू, धरू का सोडू?" मी म्हणायचो बघू. तू म्हणायचास, "बरं, मग तोवर धरतो."

आणि धरायचास म्हणजे काय, ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं. दसऱ्यानंतरच्या मारुतीच्या भंडाऱ्याला मी न सांगता आलो होतो. आळीच्या तोंडाशी असतानाच तुझा आवाज कानावर आला. माझ्या बंद दारापुढं उभा राहून तू कुलपाला सांगत होतास, "बापू, सुमन, उद्या चूलबंद हाय! लेकरांस्नी घेऊन या!" मग कुलपावर अक्षता टाकल्यास, क्षणभर थांबलास, जसं काही आतून कुणी 'बरं' म्हणणार आहे, आणि गेलास पुढच्या कुलपाला. मी तिथंच भिंतीआड थांबलो. हसू येत होतं, पण ते नीट येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलाणापाशी तुझा दुसरा प्रकार. आचाऱ्यानं उघड्या घरांचा तांदूळ मोजून घेतला, आणि मग तू पोत्यात दोन्ही हात घालून ओंजळी टाकायला लागलास. "ही बालाजीची. ही खंडूची. ही कुंभाराची. ही बापूची." मी म्हणालो, "तात्या, कुलपं जेवायला येणारेत काय?"

"येतात."

"आणि उरतं त्याचं काय?"

"उरत न्हाई."

मी ही गोष्ट उदगीरला शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितली. तुझा आवाज काढून, ओंजळीसकट. सगळे पोट धरून हसले. मुख्याध्यापकांनी तर पुन्हा सांगायला लावली. 

आता तुला जे सांगितलं नाही ते सांगतो. माझ्या भिंतीला भिंत लागून महादूचं घर. त्यानं मळणीचं मोठं मशीन घेतलंय, ते उभं करायला जागा नाही. दोन वर्षं माझ्या मागं होता, "मास्तर, तुम्ही काही येऊन राहत न्हाई. पाडून शेड टाकतो." या आषाढात मी फोनवर त्याला हो म्हणालो. दसरा झाल्यावर जळकोटला कागद करायचं ठरलं. सुमनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचं घर, तुम्ही बघा. मला त्या घरात कुणी कधी चार दिवस सलग ठेवून घेतलंय?" तुला सांगायला म्हणून मुद्दाम गावी आलो. तू गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बसला होतास. ठकठक, ठकठक. मी मनाशी म्हटलं, एवढ्या आवाजात काय ऐकू जाणार. मग टाकी थांबली. तू कपाळावरचं पीठ पुसून विचारलंस, "काय म्हणत होतास?" मी म्हणालो, "काही नाही. पाऊस बरा आहे यंदा."

तर असा मी, तुझ्या तेरवीच्या स्वयंपाकाचा अंदाज काढायला बसलो. चार वर्षांपूर्वीच्या यादीची जुनी प्रत होतीच. उघडी घरं तेवढी धरली, नंतर गेलेली माणसं वजा केली, पाहुणे मिळवले, बेरीज केली. आचाऱ्याला कागद दिला. तो कौतुकानं म्हणाला, "असा लिव्हलेला अंदाज पयल्यांदाच बघितला." वहिनींनी दारातून विचारलं, "भावजी, कुलपाचं धरलं का?" मी म्हणालो, "वहिनी, ते तात्याचं होतं. आता वाया कशाला घालवायचं?" त्या आत निघून गेल्या. आणि हो, आवतनसुद्धा मी उघड्या दारांनाच दिलं. कुलपांपुढं उभं राहून बोलायला मला लाज वाटली. आवतन द्यायचं नव्हतं असं उघडं दार एकटं तुझं, आणि तिथं मी तुलाच हाक मारली.

तेराव्या दिवशी गिरणीपुढं मांडव. दोन पंगती उठल्या, तिसरी बसली. भाताचं पातेलं तळाला आलं, पुऱ्यांची टोपली रिकामी झाली, बुंदी चमचाभर. मी कंबरेवर हात ठेवून उभा. माझा आकडा माणसाला माणूस बरोबर उतरला होता. तुझ्या मरणाच्या जेवणात, तात्या, मला माझ्या बेरजेचा आनंद झाला होता. हे तुलाच सांगू शकतो.

आणि तळ्याच्या वाटेनं माणसं येताना दिसली. पंचवीस-एक असतील, बाया-माणसं, तोंडं धुतलेली, केस ओले, काहींच्या कंबरेला विळे तसेच. मांडवाच्या कडेला येऊन थांबली. पुढं एक म्हातारा.

"तात्याचं हाय ना आज?"

"हाव. तुम्ही कुठले?"

"किनवटकडचे. सोयाबीन काढून राहिलो. तळ्याकाठी उतरलो. दसऱ्याला येतो, दिवाळीला जातो. सात साल झाले."

सात वर्षं. आणि मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, कारण मी गावात यायचो ते एक-दोन दिवसांसाठी, पहिल्या पंगतीला जेवून एसटी गाठायचो, आणि तळ्याकडं जायचं मला काही कारणच नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "गावात जेवण असलं का तात्या तळ्यापोत्तर सांगाया येत व्हते. म्हनायचे, गावात झोपता ना, मंग गावातलेच. या टायमाला कोनी आलं न्हाई. तरी आलो. तात्याचं हाय म्हून."

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी फार काही सांगितलं नाही. "कुलपाचं ह्यांच्यापायी असायचं, भावजी," एवढंच म्हणाल्या.

येतात. उरत न्हाई. तू सरळ उत्तर दिलं होतंस आणि मला तो हट्ट वाटला होता. जे गावचे होते पण गावात नव्हते त्यांच्या नावाची ओंजळ, जे गावात होते पण कुणाच्या यादीत नव्हते त्यांच्या ताटात. आणि मी ती वाचवली.

 वरण अर्धं पातेलं होतं. बाकी काही नाही. कुणाच्या घरून चार भाकरी आणाव्यात तर चूलबंद, कुणाच्या घरी शिजलेलंच नाही. आणि आता कुणी चूल पेटवली तर धूर सगळ्या गावाला दिसणार, तुझ्या तेरवीला. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. दिगू फोन काढून जळकोटातल्या हॉटेलाचा नंबर शोधायला लागला. म्हातारा म्हणाला, "राहू द्या, आमी पाया पडून जातो." ते ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात कोंडाबाई, भिंतीला टेकून बसली होती तिथूनच म्हणाली, "मास्तर, तुमच्या घराला आवतन दिलं व्हतं का?"

"माझ्या? नाही. कुलूप आहे ना."

"मग तुमाला कसलं चूलबंद? आवतनच न्हाई तर पेटवा की चूल. कोन बोलतंय बघू."

सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदर कंबरेला खोचला. "किल्ली कुठंय?"

मी खिशात हात घातला. किल्ली होती. महादूला द्यायची म्हणून उदगीरहून येताना आठवणीनं घेतली होती.

कुलूप उघडेना. महादूनंच येऊन त्यावर तेल सोडलं. आत आईची चूल तशीच, एका बाजूनं तडकलेली, राखेत पालीची अंडी. सरपणाला तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, महादूच्या गंजीतल्या. त्या चटकन पेटतात म्हणे. माझ्या हातच्या पेटेनात. मी गुडघ्यावर बसून फुंकतोय, डोळ्यांतून पाणी, पोट मध्ये येतंय, आणि मागं कोंडाबाई, "मास्तर फुंकून राहिले का इझवून?" शेवटी सुमननं मला बाजूला केलं.

पीठ वहिनी घेऊन आल्या. डब्यावर लाल अक्षरं, बापू उदगीर. "जायच्या आदल्या दिशी दळून ठिवलेला," म्हणाल्या, "एसटीत द्यायचा राहिला."

पीठ जुनं झालं की त्याची विरी, तो चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते. पहिल्या दोन सुमनच्या हातातच फाटल्या. मग तिनं उकळतं पाणी घालून पीठ मळलं. वहिनी थापायला बसल्या. चिमटा नव्हता, उलथनं नव्हतं. सुमन बोटांनीच भाकरी उलटत होती आणि निखाऱ्याला लावत होती. दरवेळी 'स्स' करायची आणि बोट कानाच्या पाळीला लावायची. लग्नाला तीस वर्षं झाली आमच्या, मी तिला कधी चुलीपुढं बघितलेलं नव्हतं.

धूर कौलांतून वर गेला. सगळ्या गावात तेवढाच एक. महादू तुराट्यांचा दुसरा भारा घेऊन दारात आला, वर बघत म्हणाला, "मास्तर, धूर तुमच्याच घरातून निघून राहिला."

"हाव," मी म्हणालो.

तो भारा टाकून थोडा वेळ घुटमळला. मग तिसरा आणायला गेला.

टोळी जेवली. भाकरी, पाणी घालून वाढवलेलं वरण, ठेचा. म्हाताऱ्यानं पहिला तुकडा मोडून पत्रावळीच्या बाहेर ठेवला, तुझ्या नावानं. तुझं पीठ, तुझ्याच हातचं. आम्ही जेवलो सगळ्यांत शेवटी, माझ्या वाट्याला ती पहिली फाटलेली भाकरी आली. चव कळली, तात्या. कडवट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू वहिनींना पुण्याला घेऊन निघाला. एकट्या कशा राहणार, हे सगळ्यांनाच पटत होतं. वहिनींनी घराला कुलूप लावलं, मग गिरणीला. गिरणीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. गाडीत बसताना अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भावजी, आता कुलपास्नी कुणी सांगावं?"

माझ्या तोंडात 'बघू' आला होता. तो गिळला. पण त्याच्या जागी दुसरा शब्द सापडेपर्यंत गाडी पाराच्या वळणाला गेली होती.

मग मी गिरणीपुढं बसून राहिलो. सकाळची दहाची वेळ, म्हणजे तुझा पट्टा फिरण्याची वेळ. गावाला एक घरघर असते हे ती थांबल्यावर कळलं. आळीत कुणी नाही. जे होते ते रानात, काढणीला. एक कोंबडी दारातलं सांडलेलं पीठ टिपत होती. मला एकदम आठवलं, त्या दिवशी वहिनी काय झाडत होत्या. माझ्या डब्यातलं ओतताना सांडलेलं असणार. बारा दिवस त्यांनी ते तसंच ठेवलं होतं.

मी कुलपाकडं बघितलं. सांगायला काही नव्हतं. उद्या कुणाचं जेवण नव्हतं.  तू रिकाम्या घरांपुढं उभा राहून इतकी वर्षं कसा बोललास, आतून कुणी 'बरं' म्हणत नसताना? मला एकाच कुलपापुढं पाच मिनिटं निघाली नाहीत. चार अक्षता टाकल्या आणि उठलो.

फाट्यावर महादू भेटला. आमची पिशवी त्यानंच टमटममध्ये चढवली. मग हळूच, इकडंतिकडं बघत, "मास्तर, मग परवा जळकोटला? कागदाला?"

मी म्हणालो, "बघू."

हो, तात्या. तरीसुद्धा. तुझ्या राखेला चौदा दिवस झाले नव्हते, आणि तोंडात तोच शब्द. महादू मान हलवून गेला. शाळेतली पोरं शहाणी, महादू शहाणा, त्याला त्यातलं जे ऐकायचं ते ऐकू आलं.

टमटम निघाली. सुमन माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या तीन बोटांना हळद लावलेली, ती हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती. दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढलेली रानं, मध्येच तळ्याकडची ती टोळी, वाकलेली, एका ओळीत. म्हाताऱ्यानं विळा वर केला. मी हात केला. सुमननं हळदीचा हात केला. जळकोट दिसायला लागलं तशी ती माझ्याकडं वळली.

मग म्हणाली, "महादूभाऊजींना फोन करा, आणि सरळ नाही म्हणून सांगा. आणि उदगीरला उतरल्यावर घरी जायच्या आधी एक चिमटा घ्या. फुंकणीपण घ्या. दरवेळी हात भाजून घेणार नाही मी."